जर्मन मेंबरचा विडा

आमच्या घराण्यात राजकारणात गेलेला माणूस एकच, माझा मामा गुरुलिंग, आणि तो विडा खाऊन गेला. विडा उचलून नव्हे. उचलणाऱ्याला आपण काय उचलतोय हे ठाऊक असतं. मामानं तो सरळ तोंडात टाकला, चावला, चुना जरा चढलाय म्हणाला, आणि निजामाच्या कायदेमंडळाचा मेंबर झाला. पुढची सगळी कारकीर्द त्यानं त्या मेंबरकीतून सुटायची धडपड करण्यात घालवली. ती धडपड आमच्या आईनं, म्हणजे त्याच्या बहिणीनं, डोळ्यांनी पाहिली होती आणि ती सांगताना तिला भावाची जराही दया येत नसे. मला येते, पण थोडीच.

गोष्ट शेहेचाळीस सालची. परंड्यात आमच्या आजोबांची, सिद्रामप्पांची, धान्याची अडत होती. निजाम सरकारला त्या वर्षी लोकशाहीची उबळ आली होती. हैदराबादेत कायदेमंडळ भरणार, त्यात शेतकऱ्यांच्या जागा वेगळ्या, व्यापाऱ्यांच्या वेगळ्या, सगळ्यांनी हवं ते बोलायचं आणि शेवटचा शब्द मात्र हुजुरांचा. काँग्रेसवाल्यांनी बहिष्कार टाकला. त्यामुळं आमच्याकडच्या व्यापाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. उभं राहावं तर काँग्रेसची पोरं दारावरून शिव्या देत जाणार, आणि कुणीच उभं राहिलं नाही तर तहसीलदार दुकानातली मापं तपासायला येणार. मापं तपासली जावीत असं परंड्यात कुणालाच वाटत नव्हतं.

तहसीलदारानं निरोप धाडला की पेठेनं आपला एक माणूस द्यावा. पेठ वीरभद्राच्या देवळात जमली. तहसीलदार स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसला. आत कुणी तोंड उघडीना. तेव्हा सगळ्यांत वडील व्यापारी गुंडप्पा यांनी जुनी रीत काढली. अवघड काम कोण अंगावर घेणार हे ठरेनासं झालं की देवापुढं तबकात विडा ठेवायचा. जो उचलील, काम त्याचं. मग माघार नाही. सोनारीच्या जत्रेत एकदा बैल उधळला होता, तेव्हा असाच विडा ठेवला होता आणि तो उचलणाऱ्याचे पुढचे दात कायमचे गेले. ते उचलणारे हेच गुंडप्पा. त्यामुळं विड्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानत.

तर गुंडप्पांनी विडा ठेवला. वर लवंग टोचलेली, वर्ख लावलेला. मंडळी आढ्याकडं बघत बसली. त्या देवळाच्या आढ्यात बघण्यासारखं काही नाही, पण त्या दिवशी सगळ्यांना ते फार आवडलं.

मामा तेव्हा पंचविशीचा. तो गेला होता सोनारीला ज्वारीच्या सौद्याला. तिथं एका कुळानं त्याला पुरणपोळीचं जेवण घातलं आणि जेवणावर पान दिलं नाही. असल्या यजमानाला काय म्हणावं ते मला कळत नाही. मामा भर दुपारी बैलगाडीतून उतरला तो पोट जड आणि तोंड फिकं घेऊनच. देवळापुढं गर्दी दिसली म्हणून पाया पडायला आत गेला. सगळे माना वर करून गप्प बसलेले. त्याला वाटलं, भजन झालंय आणि विडे वाटलेत. तबकात एकच उरलाय, तो आपल्या नशिबाचा.

"चुना जरा चढलाय," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. गुंडप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आजोबांकडं वळून म्हणाले, "सिद्रामप्पा, तुमच्या लेकानं पेठंची अब्रू राखली बगा."

बाहेर तहसीलदारानं मामाचा हात हातात घेऊन सोडलाच नाही. तिथंच त्यानं भाषण ठोकलं. जर्मनीत म्हणे लढाईच्या आधी पंचविशीतली पोरं पार्लमेंटात बसत आणि भल्याभल्यांना ऐकवत, तसाच आपला हा तरुण मेंबर. हे त्यानं कुठं वाचलं होतं ते कुणी विचारलं नाही. गावानं त्यातला एकच शब्द उचलला. आमच्याकडं जर्मन म्हणजे ते हलकं पांढरं भांडं, पडलं की पोचा येतो आणि आवाज मात्र घरभर होतो. तेव्हापासून मामा जर्मन मेंबर. त्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही, त्यामुळं तो निवडूनही आला. हार पडले, पेढे वाटले, आणि मामा हारातून बाहेर बघत राहिला.

घरी आल्यावर त्यानं आजोबांचे पाय धरले. "अप्पा, मला ठावंच न्हवतं. म्या आपलं पान म्हणून खाल्लं."

"पोटात गेलं का?"

"गेलं."

"मग झालं. वीरभद्राचा विडा ओकायचा नसतो," आजोबा म्हणाले आणि गादीवर जरा ताठ बसले. पोरगा मेंबर झाल्याचं त्यांना मनातून आवडलं होतं. ते त्यांनी कबूल केलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकांना ज्वारी खरंच मापून दिली.

खरी गोम पुढंच होती. मामाचं लग्न लहानपणीच झालेलं. बायको उमाबाई माहेरी, कुर्डुवाडीला. संक्रांतीनंतर ती नांदायला यायची होती. आता कुर्डुवाडी म्हणजे इंग्रजांचा मुलूख, आणि मामाचे सासरे कल्याणप्पा म्हणजे कडक खादीवाले. कापडाचं दुकान होतं त्यांचं. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आले होते आणि ती हकीकत प्रत्येक गिऱ्हाइकाला कापड फाडता फाडता सांगत. जावई निजामाच्या कायदेमंडळात बसणार हे कळल्यावर त्यांनी दुकान बंद ठेवलं, जणू घरात काही वाईट घडलंय.

त्यांचा निरोप घेऊन आली हरणाबाई कासारीण. ती बांगड्यांची पेटी घेऊन दोन्ही मुलखांत फिरे, आणि करोडगिरी नाक्यावरचे शिपाई बांगड्यांवर जकात घेत, निरोपांवर घेत नसत. आमच्या आजीला, इरम्माला, बांगड्या भरता भरता ती म्हणाली, "कल्यानप्पा म्हन्ले, जावई निजामाच्या पंगतीला बसणार आसतील तर माजी लेक माज्या घरी बरी हाय."

"आन पोरगी काय म्हन्ली?" आजीनं विचारलं.

हरणाबाईनं मामाकडं बघितलं. "ती म्हन्ली, आदी त्यो विडा थुका म्हनावं. मग येते."

मामाचा चेहरा पडला. लग्नानंतर त्यानं उमाबाईला धड एकदाच बघितलं होतं, बार्शीला कुणाच्या तरी लग्नात. ती पंगतीत तूप वाढत होती. त्याच्या पानापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आणखी वाढू, का नाक्यावर करोडगिरी पडंल?" एवढंच. पण त्या तुपावर मामाचा जीव जडला तो जडलाच. आमच्या घरात अशा गोष्टी उघड बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. त्याला मेंबरकी नको होती, हैदराबाद नको होतं, त्याला बायको घरी यायला हवी होती. दुसरं काही त्याला नको होतं.

म्हणून सुटका करून घ्यायच्या इराद्यानंच तो हैदराबादला निघाला. परंड्याहून हैदराबादला जायचं तर आधी मोटारीनं कुर्डुवाडी, मग आगगाडी. म्हणजे निजामाच्या सभेला जायला इंग्रजाचा मुलूख तुडवायचा, आणि तोही सासऱ्याच्या दुकानावरून. बरोबर शेरवानी आणि दस्तार. दस्तार म्हणजे तिकडचं तयार बांधलेलं पागोटं. ते डोक्यावर नसेल तर दरबारी माणूस उघडाच समजायचे. आजीनं त्या दस्तारीला ईबत्ती, म्हणजे विभूती लावली, ती गोल पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि सोबत दुसऱ्या लहान डब्यात शेंगाची चटणी भरून दिली.

मामानं पहिल्याच फेरीत राजीनामा पुढं केला. तिथल्या एका अधिकाऱ्यानं तो वाचला, मामासाठी चहा मागवला, आणि अगदी सौजन्यानं सांगितलं की सभा अजून भरलेलीच नाही. न भरलेल्या सभेतून कुणी उठून जातं का? आधी बसा, मग उठायचं बघू. मामा बसला.

सभा भरली तेव्हा त्यानं दुसरा बेत केला. असं काही बोलायचं की हाकलूनच देतील. अख्खी रात्र पाठ करून तो उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या दखनीत त्यानं सरकारला खडसावलं. माझ्या आईनं चटणी दिली होती, म्हणाला. इकडच्या नाक्यावर ती उघडली, तिकडच्या नाक्यावर उघडली. दोन्ही सरकारांनी बोटं घातली. इथवर पोचेतो चटणी संपली. हुजूर सरकारनं सांगावं, हा राज्यकारभार आहे की पंगत आहे?

मामानं शेरवानीची बटणं चाचपली आणि दाराकडं पाहिलं. मग सरकारी बाकावरून कुणीतरी पहिल्यांदा हसलं, आणि मग सगळी सभा. डोळे पुसता पुसता लोक वाहवा म्हणत होते. असा रोखठोक तरुण मेंबर सभेला हवाच होता, असं अध्यक्ष म्हणाले. संध्याकाळच्या आत मामा करोडगिरीच्या कमिटीवर नेमला गेला. परतताना नाक्यावरच्या शिपायांनी त्याला सलाम ठोकला आणि चटणीच्या रिकाम्या डब्याकडं बघितलंही नाही.

कुर्डुवाडीत ही बातमी त्याच्या आधी पोचली होती. कल्याणप्पा दुकानातून उठून आत गेले. आता जावई कमिटीवर गेले म्हणे, असं ते भिंतीला म्हणाले. मामा रिकामा डबा घेऊन मोटारीत बसला आणि परंड्याला परतला. गावात मात्र जर्मन मेंबरचा भाव वाढला. मुलखातली कुठलीही वस्तू नाक्यावर अडली की लोक मामाकडं येत. एक गृहस्थ तर म्हैस घेऊनच आला.

उन्हाळ्यात पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मामाकडं कुठलाच बेत उरला नव्हता. त्यानं कुर्डुवाडीत उतरून सासऱ्याच्या दुकानाची पायरी चढली. दस्तारीचा डबा बाकावर ठेवला आणि डोकं खाली घालून बसला. कल्याणप्पा धोतरजोडी मोजत होते. त्यांनी ती पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतली, जावयाकडं बघावं लागू नये म्हणून.

"पाणी तरी द्या," मामा म्हणाला.

सासऱ्यानं ऐकलं नाही. पण आतल्या दाराचा पडदा हलला. मामा उठून दारापाशी गेला. पडद्याआडून तांब्या आला, आणि तांब्याबरोबर हरणाबाईनं भरलेल्या हिरव्या बांगड्यांचा उमाबाईचा हात.

"परत निगालात?" आतून आवाज आला.

"काय करू? त्यो विडा काय भाईर येत न्हाय."

"तुमी पाय धुवा मागल्या दारी," ती म्हणाली. "धुळीनं भरलेत."

मामा पाय धुवून आला तोवर गाडीची वेळ झाली होती. त्यानं डबा काखेत मारला आणि स्टेशनाकडं धावला. डबा हलका लागला हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या ध्यानात एवढंच होतं की ती आपल्या पायांबद्दल बोलली.

हैदराबादेत सभेच्या दाराशी त्यानं डबा उघडला. आत दस्तार नव्हती. दुकानातल्या चिंध्या होत्या, आणि चिंध्यांवर गुळाचा एक चांगला मोठा खडा. मामा तिथंच उभा राहिला. सगळं त्याच्या हळूहळू लक्षात आलं. ती दस्तार बायकोनं काढून घेतली, तो जाऊ नये म्हणून, आणि तोंड गोड व्हावं म्हणून गूळ ठेवला. ज्या बाईला नवरा नकोच असतो ती गूळ ठेवत नाही. मामाचे डोळे भरून आले. आणि त्याच वेळी त्याला सुचलं की उघड्या डोक्यानं आत गेलो तर हा भर दरबारात अपमान होईल, आणि आता तरी हाकलतील. त्यानं तो खडा अख्खा तोंडात टाकला आणि छाती काढून आत शिरला.

मामाचा घात नेहमी तोंडानंच केला.

त्याच्या शेजारी कलबुर्ग्याकडचे एक म्हातारे मेंबर बसत. आपल्यातलेच, लिंगायत व्यापारी. त्यांनी बघितलं, पोरगा बोडक्या डोक्यानं आलाय आणि डोळ्यांत पाणी आहे. आपल्याकडं बाप गेल्याशिवाय मुलगा पागोटं उतरवून चार लोकांत जात नाही. याला दुसरा पुरावा लागत नाही. म्हाताऱ्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि कसं झालं म्हणून विचारलं. मामाच्या तोंडात अर्धा पाव गूळ. त्याला ना गिळता येई ना बोलता. त्यानं नुसती मान हलवली. म्हातारे उठले आणि जड आवाजात त्यांनी सभेला सांगितलं की आपल्या सर्वांत तरुण मेंबरचे वडील, परंड्याचे सिद्रामप्पा, लिंगैक्य झाले.

गूळ विरघळला तोवर फार उशीर झाला होता. सारी सभा उठून उभी होती. कुणी आजोबांना दानशूर म्हणालं, कुणी गोरगरिबांचा आधार. ज्यांनी परंडा नकाशातही पाहिलं नव्हतं त्यांना आजोबांची उणीव भासू लागली. एवढे लोक बापासाठी उभे असताना बाप जिवंत आहे म्हणून सांगायचं, म्हणजे सगळ्यांना खोटं पाडायचं. एवढा धीटपणा मामाकडं नव्हता. तोही उभा राहिला. दुखवट्याचा ठराव झाला, त्या दिवसाचं काम थांबलं, आणि मामाला घरी जायला रजा मिळाली. त्याला हाकलायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मामा गाडीत बसायच्या आत तार सुटली होती, वर्तमानपत्रात काळ्या चौकटीत बातमी लागली होती. परंड्याचा तहसीलदार मोठा हार घेऊन अडतीवर आला तेव्हा आजोबा तराजू धरून उभे होते.

"कवा गेलो म्या?" आजोबांनी सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं.

"काल. हैदराबादेत ठराव झाला."

"आन काय काय म्हन्ले?"

तहसीलदारानं तारेचा कागद वाचून दाखवला. आजोबांनी तराजू खाली ठेवला. "दानशूर? कोन म्हन्लं? पुन्हा वाचा की जरा." आयुष्यभर अडत करणाऱ्या माणसाला असं कुणी तोंडावर म्हणत नाही. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि कोपरीच्या खिशात घातला. लोक भेटायला येतील, त्यांना कळवून थांबवावं का, असं आजीनं विचारलं. "येऊ दे की," आजोबा म्हणाले. "कोन कोन येतंय ते तरी कळंल."

आम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. जाणारा लिंगैक्य होतो, मग विटाळ कसला? पण भेटायला जाणं मात्र सक्त पाळतात. जन्माचं वैर असलं तरी दुखवट्याला दार ओलांडायचं, आणि सासऱ्यासाठी सुनेनं तर सगळ्यांच्या आधी. मुलाच्या डोक्यावर नवं पागोटं किंवा टोपी घालायची ती त्याच्या सासरच्यांनीच. यात ना निजामाचा कायदा चालतो ना काँग्रेसचा. कल्याणप्पांनी बातमी ऐकली, दुकानातली नवी खादीची टोपी घेतली आणि लेकीला म्हणाले, आवर. उमाबाईनं एक बोचकं उचललं. त्यात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.

ते परंड्यात आमच्या दारात उतरले तेव्हा ओसरीवर पेठ जमलेली होती. गुंडप्पा होते, तहसीलदाराचा कारकून होता, आणि मधोमध गादीवर आजोबा पान लावत बसले होते. कल्याणप्पांनी हात जोडले ते तसेच राहिले.

"या व्याही," आजोबा म्हणाले. "बसा. उन्हातनं आलात."

कल्याणप्पांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. एवढ्यात पाठीमागून मोटारीच्या धुरळ्यात माखलेला, बोडक्या डोक्याचा मामा येऊन उभा राहिला. त्यानं बाप बघितला, सासरा बघितला, आणि मग उंबऱ्यात पाय घातलेली आपली बायको बघितली. तो जागचा हललाच नाही.

उमाबाई आत आली आणि आजोबांच्या पाया पडली.

"ये पोरी," आजोबा म्हणाले. "तुला आनायला मरावं लागलं बग मला."

"ही थट्टा झाली का?" कल्याणप्पा ओरडले नाहीत, पण ओरडले असते तर बरं झालं असतं. "मेल्याचं सोंग करून लेक आणवता? आन जावई अजून मेंबर हायेतच की. उमा, चल. मोटार हाय माघारी."

कारकुनानं नेमकं तेव्हाच तोंड घातलं. गुरुलिंगअप्पांची रजा संपली की पुढच्या बैठकीला जायचंच आहे, तहसीलदारसाहेबांनी आठवण करायला सांगितलंय. मामानं बायकोकडं बघितलं. आई सांगायची, इतकं केविलवाणं तोंड तिनं त्याचं आधी कधी बघितलं नव्हतं. बोलायला मात्र त्याच्या तोंडून काही निघेना, आणि या वेळी तोंडात काहीच नव्हतं.

"बाबा, जरा दम धरा," उमाबाई म्हणाली. ती आजीकडं वळली. "अव्वा, एक विडा द्या करून."

आजीनं काही न विचारता विडा केला. उमाबाईनं बोचकं सोडलं. त्यातून दस्तार काढली, ओसरीवरच्या जाजमावर उलटी ठेवली, आणि तबकात ठेवावा तसा विडा त्या दस्तारीत ठेवला. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गुंडप्पांपुढं उभी राहिली.

"काका, तुमी वडील हात. चुकलं तर सांगा. ह्यांनी इडा खाल्ला तवा काम काय ते ठावं न्हवतं. आता काम सगळ्यांनाच ठावं हाय. पेठंनं मानूस द्यायचा हाय ना? मग ज्येला हैदराबादंत बसायचंय त्येनं उचलावा. ह्यांच्या जागी."

सगळी पेठ आढ्याकडं बघू लागली. आमच्या ओसरीचं आढं देवळाच्या आढ्यापेक्षाही साधं. कारकून कागद चाळू लागला. आजोबांनी डोळे मिटून घेतले, पुन्हा गेल्यासारखे. कुणी हात पुढं केला नाही. जे लोक मामाला खांद्यावर घ्यायला सगळ्यांत पुढं होते ते आता सगळ्यांत मागं सरकून बसले होते.

उमाबाईनं सगळ्यांना पुरेसा वेळ दिला. मग ती खाली वाकली, तिनं विडा उचलला आणि तोंडात टाकला. शांतपणे चावला.

"चुना चढलाय," ती म्हणाली.

आजी पदरात हसली. आई तर उघड हसली आणि तिला मागल्या दारी पाठवण्यात आलं.

"आता मेंबर म्या," उमाबाई कारकुनाला म्हणाली. "तहशीलदारसायबांना सांगा, न्यायचंच आसंल तर मला न्या. आन म्या काय येनार न्हाय. मला संसार हाय."

कारकुनानं गुंडप्पांकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, कारण विड्याचा निवाडा त्यांचा. गुंडप्पांनी दात नसलेल्या जागेवरून जीभ फिरवली आणि बराच विचार केला.

"खाल्ला तिनं," ते शेवटी म्हणाले. "समद्यांनी बगितला. वीरभद्र घरात बी आसतोच. पोरगं सुटलं."

कल्याणप्पा उंबऱ्याबाहेर उभे होते ते आत आले. खिशातून टोपी काढली. ती दुखवट्याची होती, पण आणलेली वस्तू परत नेऊ नये असं म्हणतात. त्यांनी ती मामाच्या बोडक्या डोक्यावर ठेवली आणि नीट बसेपर्यंत दाबली. मामा खाली वाकून पाया पडायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. टोपी पडंल."

मामा पुन्हा हैदराबादला गेला नाही. त्याची खुर्ची रिकामी राहिली, आणि पुढच्याच वर्षी, अठ्ठेचाळीसला, पोलीस ॲक्शन झालं तेव्हा खुर्चीसकट ते कायदेमंडळच गेलं. त्या दस्तारीत आमच्या घरची मांजर व्यायली. पुढं मोठ्या निवडणुका आल्या, तेव्हा दोन-तीन पक्षांचे लोक मामाला उभं करायला आले. मामी त्यांना चहा देई, पान देत नसे. आजोबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. खरोखर गेले तेव्हा निम्मे लोक दुसऱ्या दिवशी आले, कारण पहिल्या दिवशी कुणी विश्वासच ठेवला नाही. कोपरीच्या खिशात तो तारेचा कागद घडी पडून पडून फाटलेला निघाला.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. कल्याणप्पा एकटेच माघारी निघाले. मामीनं मोटारीपर्यंत जाऊन त्यांना पाण्याचा तांब्या दिला. मोटार हलली तरी ती धुरळ्यात उभी होती, आणि मामा टोपी सांभाळत तिच्यामागं उभा होता. नाक्यावर शिपायानं मोटार थांबवली आणि प्रत्येकाला विचारलं तसं कल्याणप्पांनाही विचारलं, बरोबर काय घेऊन चाललात?

कल्याणप्पांनी खादीच्या बाहीनं डोळे पुसले. "काय न्हाय," ते म्हणाले. "होतं ते तिकडंच ठेवून आलो."